चौकातले पाहुणे

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक लांबलचक लेख कोरलेला आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याच्या दानधर्माची ती जंत्री. काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा आरंभ. गायी दिल्या, गावं दिली, नद्यांवर फुकट नावा चालवल्या, काठावर पाणपोया घातल्या, असं सांगता सांगता लेख चार गावांची नावं घेतो: भडोच, दशपूर म्हणजे आजचं मंदसौर, नाशिकलगतचं गोवर्धन आणि सोपारा. या चारही ठिकाणी उषवदाताने वाटसरूंना उतरायला चौसोपी घरं बांधून दिली. बंदरात उतरलेला माल घाटावर नेणारे, तीर्थाला निघालेले, भिक्षू, हुजरे या सगळ्यांची पाठ टेकायची सोय.

चौसोपी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरदाराचा वाडा येतो: मधे चौक, भोवती चार सोपे, कोपऱ्यात तुळस. इतक्या जुन्या पुराव्यात ती भेटते ती मात्र परक्या माणसाला रात्र काढायला दिलेली जागा म्हणून. उषवदाताच्या त्या इमारतींची वीटही आज दाखवता येत नाही. त्या कशा असतील याची कल्पना हवी असेल तर लेख ज्या लेण्यात आहे तेच लेणं पाहावं. पुढे खांबांची ओसरी, आत मोकळा मंडप, तीन बाजूंना निजायच्या खोल्या. लाकूड-मातीत बांधलेलं गेलं, डोंगरात खोदलेलं राहिलं.

तिथून थेट पुण्याच्या शनिवार पेठेतल्या वाड्यांपर्यंत वंशावळ जोडणं धाडसाचं आहे आणि मी ते करणार नाही. मधे चौक ठेवून भोवती खोल्या बांधायची बुद्धी उन्हाच्या सगळ्याच मुलखांना झालेली आहे. इराणातल्या अशा 54 सरायांना 2023 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथेही तेच: चार भिंती, एक दरवाजा, मधे उंट बांधायचं पटांगण. पण एक गोष्ट सांगता येते. आपल्याकडे हा आराखडा पाहुण्याच्या सोयीने जगला, आणि पुण्याच्या पेठांमध्ये तर तो शेवटपर्यंत पाहुण्यांच्याच जिवावर तगला. वारसा जपायचे आपले कायदे नेमके हेच विसरले.

मधल्या शतकांत मराठी मुलखात पैसे घेऊन खाऊपिऊ घालणारी खाणावळवजा सराई फारशी रुजली नाही. वाटसरू गावात आला की चावडीवर उतरे, नाहीतर देवळाच्या ओवरीत. मोठ्या वाटांवर आणि तीर्थांच्या गावी धर्मशाळा. अहिल्याबाई होळकरांनी त्या देशभर बांधल्या. 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडश्यांच्या वाटेवरचे मुक्काम बहुतेक याच मासल्याचे: धर्मशाळा, देऊळ, कुणा ओळखीच्याचा वाडा. धर्मशाळा छप्पर देई, जेवण नाही. कारण उघड आहे. कुणी शिजवलेलं कुणी खायचं याचे नियम इतके कडक होते की सामायिक मुदपाकखाना चालणंच शक्य नव्हतं. म्हणून ओवरीचे खण पाडलेले. प्रत्येकाने आपल्या खणात तीन दगड मांडायचे, आपला भात आपण शिजवायचा आणि सकाळी राख लोटून चालू लागायचं. ओवऱ्यांची ती सुरेख कमानींची रांग आज आपण फोटोत टिपतो. तिच्यामागे सोवळ्याओवळ्याचं गणित आहे.

आणि त्या रांगेत कित्येकांना खणच नव्हता. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाने गावाबाहेर झाडाखाली रात्र काढायची. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा. महाडचं तळं आपल्याला आठवतं, कारण बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या मार्चमध्ये ठरावातला पाण्याचा भाग प्रत्यक्षात आणला. ठरावातली धर्मशाळा आपण विसरलो. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात मात्र धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावं घेऊन तिथली अडवणूक गुन्हा ठरवलेली आहे. धर्मशाळेच्या दगडी कमानी जपताना हा इतिहास पाटीवर लिहिलेला मी तरी पाहिला नाही.

सराई आली ती उत्तरेकडून आणि मुसलमानी अमदानीत. मराठवाड्यात तिची आठवण छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात लांबून खापरी नळाने आणलेल्या पाण्यावर जातं फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जाई. इंग्रजांनी 1867 साली सराई कायदा केला, रोख मुख्यतः उत्तर हिंदुस्थानावर. त्यातलं एक कलम वाचण्यासारखं आहे. सराईवाल्याने खोल्या, गटारं, विहिरी साफ ठेवाव्यात, भिंती-छपरं दुरुस्त ठेवावीत आणि ज्या फांद्यांवरून चोर आत-बाहेर करू शकेल त्या छाटून टाकाव्यात. इमारत जपायची म्हणजे काय करायचं, हे या कलमाला नंतरच्या पुष्कळ कायद्यांपेक्षा नीट कळलेलं होतं.

आता पुणं. शनिवार पेठ मूळची मुर्तजाबाद, कसब्याच्या पाठोपाठची जुनी वस्ती. 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. खर्च 16,110 रुपये. लाकूड जुन्नरच्या रानातलं, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीचा. तटाचा खालचा भाग दगडी आणि वर विटा असं का, याची शाहू महाराजांच्या नाराजीची आख्यायिका प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. आपल्या विषयाला महत्त्वाचे आहेत ते आतले चौक. मोठे चार आणि धाकटे आणखी काही, आणि त्यांची नावं कामावरून: फडाचा चौक, मुदपाकखान्याचा चौक, पक्वान्नाचा चौक. म्हणजे बाहेरच्या चौकात राज्य आणि आलेगेले, आत घर.

हीच मांडणी लहान होत होत पेठेतल्या वाड्यांत उतरली. दिंडी दरवाजा, आत शिरताच देवडी, मग पहिला चौक. या चौकाच्या सोप्यावर कारकून, आश्रित, गावाकडून कोर्टकचेरीला आलेला भाऊबंद, श्रावणात दक्षिणेसाठी आलेला शास्त्री. त्यांनी माजघर ओलांडायचं नाही. पाण्याची सोय म्हणाल तर 1749 साली नानासाहेबांनी कात्रजहून आणायला घेतलेला नळ आणि त्याचे हौद.

बांधणी एकदा जवळून पाहू. जोतं घडीव दगडाचं. त्यावर तळखडा, म्हणजे दगडी बैठक, तिच्यात खाच. सागवानी खांबाच्या बुडाला काढलेलं कुसू त्या खाचेत बसतं. खांब असा जमिनीपासून वीतभर वर उभा, म्हणून ओल आणि वाळवी त्याला सहजी गाठत नाही. खांबाच्या माथ्यावर दोन्हीकडे हात पसरलेले हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. हा कडीपाट. त्यावर मातीचा थर घालून वरच्या मजल्याची जमीन. भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या नाहीतर मातीत बसवलेल्या विटांच्या. जाडजूड, कोनाडे पाडलेल्या, पण भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घराचं मोजमाप खणात.

यातली खरी अक्कल दुरुस्तीत आहे. खांब कुजला तर शेजारी टेकू देऊन तुळई उचलायची, खांब काढायचा, दुसरा बसवायचा. भिंत फुगली तर पाडून पुन्हा घालायची. छत उभंच राहतं. नळीची कौलं तर दर उन्हाळ्यात शाकारायचीच, पुढे मंगलोरी आली तरी फुटकी बदलणं आलंच. वाडा कधी पुरा होत नसे. त्यात सतत कुणीतरी सुतार, गवंडी काहीतरी बदलत असे. दोनशे वर्षांच्या वाड्यातली सगळी लाकडं दोनशे वर्षांची नसतात, आणि त्याने वाडा खोटा ठरत नाही.

लाकडाचा शत्रू आग. शनिवारवाड्याला ती अनेकदा लागली. पेशवाई गेल्यावर वाड्यात तुरुंग, दवाखाना, वेड्यांचं रुग्णालय असं काय काय नांदलं. 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती म्हणतात. तिच्यानंतर तट, बुरूज, दरवाजे आणि जोती एवढंच उरलं. पुढे तटाच्या आत पोलिसांची वस्ती होती. विसाव्या शतकात उत्खनन झालं, 1919 साली वाडा संरक्षित स्मारक ठरला. आज आपण तिकीट काढून पाहतो तो वाडा नाही, वाड्याचा नकाशा आहे. दगडात एकास एक मापाने काढलेला.

पेठेतले लहान वाडे मात्र उभे राहिले, कारण त्यांत माणसं येत राहिली. 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं ते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. नव्या शिक्षणाला जागा हवी होती आणि ती चौकाच्या सोप्यांवर आयती तयार होती. शाळांमागून विद्यार्थी आले. कोकणातून, वऱ्हाडातून, कर्नाटकातून. वार लावून जेवायचं, कुणाच्या तरी माडीवर राहायचं, ओसरीवरच्या कंदिलात अभ्यास करायचा. ज्यांना कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं. बाकीच्यांना वाड्यांनी पोसलं. मालकाच्या धर्मबुद्धीने म्हणा, की इनामं आटल्यावर चार पैसे हवे होते म्हणून म्हणा. मला दुसरं कारण जास्त पटतं.

हळूहळू पाहुण्याचा भाडेकरू झाला. एका घराण्याच्या वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं, प्रत्येकी दोन खण, नळ सामायिक. मग आला 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. त्याचं पूर्ण नाव मुंबई भाडे, हॉटेल आणि लॉजिंग हाउस दर नियंत्रण कायदा. वाड्यातली खोली आणि लॉजमधली खोली एकाच कायद्याच्या नावात आणून बसवल्या, हे त्या मसुदाकाराला कळत-नकळत अगदी बरोबर जमलं. भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधलं गेलं. युद्धानंतरच्या टंचाईत तो कायदा हवाच होता. नसता तर निम्मी पेठ रस्त्यावर आली असती. पण तो दोन-चार वर्षांचा उपाय म्हणून राहिला नाही. 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. तोवर पन्नास वर्षं गेली होती. खांब बदलायचा कुणी? मालक म्हणे भाड्यातून खिळेही येत नाहीत, भाडेकरू म्हणे घर त्यांचं. दोघंही खरं बोलत होते आणि मधे तुळई वाकत होती.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. ओंकारेश्वराच्या बाजूने पाणी पेठेत शिरलं आणि मातीच्या भिंती विरघळल्या. नदीकाठचे वाडे बसले ते बसलेच. त्यांतली बिऱ्हाडं गोखलेनगरकडे, लोकमान्यनगरात, सहकारनगरात गेली. उरलेले पुढच्या तीन-चार दशकांत बिल्डरने नेले. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याने मजल्यांचे तुकडे विकायची वाट सोपी केली. आज पेठेत फिरताना अमुक वाडा अशी पाटी दिसते आणि वर पाहावं तर चार मजली सिमेंटची इमारत.

पण उतारू हटलेला नाही. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांचं पेव फुटलं आहे. बीड, नांदेड, लातूर, बुलढाणा इथून आलेली मुलं-मुली दोन-दोन, चार-चार वर्षं इथे काढतात. भिंतींवर, विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले असतात: कॉट बेसिसवर जागा देणे आहे. एखाद्या शिल्लक वाड्याच्या माडीवर अशी खोली पाहायला मिळते. कडीपाटाखाली सहा लोखंडी खाटा, खाटेखाली ट्रंक, एका सॉकेटला जोडलेला लांब बोर्ड आणि त्याला सहा मोबाईल. कोनाड्यात, जिथे समई असायची, तिथे चालू घडामोडींची मासिकं. खांबातल्या जुन्या कडीला दोरी बांधून तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले. उषवदाताच्या गोवर्धनच्या धर्मशाळेत उतरलेल्या माणसापेक्षा यांना काही फार जास्त जागा मिळते असं नाही.

अशा खोलीचं छप्पर गळायला लागलं की आपण वारसा संरक्षणाच्या दारात येतो. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा. अशा स्मारकांसाठीच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून 100 मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच काय ते करायचं. अर्ज आधी सक्षम अधिकाऱ्याकडे आणि तिथून दिल्लीला, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे. बंदीच्या पट्ट्यात 16 जून 1992 पूर्वीच्या घराला दुरुस्ती करता येते, परवानगी मिळाली तर. कसबा, बुधवार आणि शनिवार पेठेचा हा भाग म्हणजे पुण्याची जुनी गाठ. तिथल्या शेकडो घरांना पट्टा लागू आहे.

नियमाचा हेतू चांगला आहे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पंधरा मजली काच उभी राहू नये, याला कोण नाही म्हणेल? पण तोच नियम काचेच्या मनोऱ्याला आणि कुजलेल्या वाशाला जवळजवळ एकाच रांगेत उभा करतो. सागाचा खांब काढून सागाचाच बसवणं हे वाड्याच्या दृष्टीने रोजचं जेवणखाण. कागदावर ते बांधकाम होतं, नकाशा लागतो, छायाचित्रं लागतात, महिने लागतात. पावसाळा तेवढा थांबत नाही. मग मालक थांबतो. भिंत आपोआप पडते, पालिका धोकादायक इमारतीची नोटीस लावते, मुलं खाटा उचलून दुसरीकडे जातात आणि काही वर्षांनी तिथे मोकळा प्लॉट असतो. जळून रिकामा झालेला एक वाडा सांभाळताना भोवतालचे राहते वाडे आपण असे ओळीने मोकळे करतो आहोत. महापालिकेची तीन श्रेणींची वारसा यादी आहे, पण तिच्यातून गवंड्याचा पगार निघत नाही.

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला साउथवर्कमध्ये जॉर्ज इन नावाची उतारूंची इमारत आहे. 1676 च्या आगीनंतर 1677 मध्ये पुन्हा बांधलेली. अंगणाभोवती लाकडी सज्जे, घोडागाड्या आत येऊन थांबत. पुढे रेल्वे कंपनीने गोदामासाठी दोन बाजू पाडल्या आणि चौकाची एकच बाजू उरली. 1937 साली ती नॅशनल ट्रस्टकडे गेली, आज तिला पहिल्या श्रेणीचं संरक्षण आहे. गंमत पुढे आहे. ट्रस्टने तिथे संग्रहालय केलं नाही. इमारत भाडेपट्ट्याने दिली आणि लोक आजही त्याच सज्ज्यांखाली बसून बिअर पितात. भाडेपट्टा आहे म्हणून रोज कुणीतरी दार उघडतं, गळतं कुठे ते पाहतं आणि त्याच आठवड्यात सुतार बोलावतं.

आपल्याकडे एवढंच करायला हवं. उंची वाढत नसेल, लाकडाला लाकूड, कौलाला कौल आणि मातीला माती असेल, तर त्या दुरुस्तीला दिल्लीची परवानगी नको. कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा आणि पंधरा दिवसांत उत्तर मिळावं. उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं. वाड्यातल्या खाटांचं भाडं रीतसर नोंदवून त्यातला ठरावीक वाटा दुरुस्तीच्या खात्यात जावा आणि त्याबदल्यात मालकाला मालमत्ता करात सूट मिळावी. हे करायला केंद्रात कायदा थोडा बदलावा लागेल आणि पालिकेत मन थोडं मोठं करावं लागेल. तोवर ज्यांच्या ताब्यात शनिवार पेठेत एखादा चौक अजून उभा आहे, त्यांनी एखाद्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला बोलावून त्याचे खण, खांब आणि तुळया मोजून नकाशा तेवढा करून ठेवावा. उद्या परवानगी मागायला तो लागेलच.